अस्तित्ववाद समजून घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?

कल्याणस्लो
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज विचारूनच टाकते. मी कॉमर्सची, कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय कधी जवळून बघितलाच नाही, आता लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. फाउंटनला फुटपाथवर जुन्या पुस्तकांत सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाचं 'बीइंग अँड नथिंगनेस' इंग्रजीत मिळालं म्हणून घेतलं आणि प्रस्तावनेतच अडकलेय. शब्द कळतात, पण लेखक कोणाशी भांडतोय आणि का, तेच लक्षात येत नाही.

मला नेमकं काय हवंय ते सांगते. यूट्यूबवर जे व्हिडिओ बघितले त्यात सगळे एकच सांगतात की अस्तित्ववाद म्हणजे कशालाच अर्थ नाही, मागे उदास म्युझिक आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटोत सिगारेट ओढणारा माणूस. ठीक आहे, अर्थ नाही, मग पुढे काय, उद्या सकाळी उठून काय करायचं, हे कोणीच सांगत नाही. आणि दुसरीकडे हाच सार्त्र म्हणतो की माणूस स्वतंत्र आहे, इतका की त्यातून त्याची सुटकाच नाही. आता माझ्या घरी बाबा रिटायर झालेत, फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो, धाकट्याचं इंजिनिअरिंग चालू आहे, मला मराठीत एमए करायचंय आणि ते दर वर्षी पुढे ढकललं जातं. मग मी नक्की कुठे स्वतंत्र आहे? टाइमपास म्हणून विचारत नाहीये, खरंच जाणून घ्यायचंय. जमेल तितक्या सोप्या मराठीत सांगा, आणि आधी काय वाचू तेही.

शिवाजीपार्क_कट्टा
ताई, ते जाडं पुस्तक तूर्त कपाटात ठेवा. १९४३ सालचं आहे आणि ज्यांनी हुसर्ल आणि हायडेगर हे जर्मन तत्त्वज्ञ आधी वाचलेत त्यांच्याशी बोलण्यासाठी लिहिलंय. मी कॉलेजात हा विषय शिकवत होतो, नवीन विद्यार्थ्याच्या हातात ते कधीच दिलं नाही.

सुरुवात करा सार्त्रच्या एका व्याख्यानापासून. २९ ऑक्टोबर १९४५, पॅरिस, महायुद्ध नुकतंच संपलेलं, जर्मन फौजांच्या ताब्यात चार वर्षं काढलेलं शहर, आणि हा माणूस उभा राहून सांगतो की आमच्यावर निराशा पसरवण्याचा जो आरोप होतो तो खोटा का आहे. पुढच्या वर्षी ते छोट्या पुस्तकाच्या रूपात आलं, इंग्रजीत 'एक्झिस्टेन्शिअॅलिझम इज अ ह्युमॅनिझम' नावाने मिळेल. एका रविवारी वाचून होईल.

त्यात तो कागद कापायच्या सुरीचं उदाहरण देतो. कारागीर सुरी बनवतो तेव्हा ती कशासाठी आहे हे त्याच्या डोक्यात आधीच असतं, म्हणजे सुरीचं प्रयोजन आधी आणि सुरी नंतर. माणसाच्या बाबतीत असा कारागीर नाही असं मानलं तर काय होतं? माणूस आधी नुसता असतो, जगात येऊन पडतो, आणि मग जे करत जातो त्यातून कोणीतरी होतो. बस्स, गाभा एवढाच. आता यातून 'कशालाच अर्थ नाही' कुठे आलं सांगा. अर्थ कोणी आधीपासून भरून ठेवलेला नाही एवढंच तो म्हणतोय, आणि त्यामुळे तो घडवायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. व्हिडिओवाले अर्ध्यात थांबतात हे मला मनापासून खटकतं, कारण ऐकणारी पोरं तेवढंच धरून बसतात.

याच व्याख्यानात त्याच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट आहे, ती नीट सांगतो कारण तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. युद्धाच्या काळात हा मुलगा सार्त्रकडे सल्ला मागायला आला. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला. वडील जर्मनांशी जुळवून घेण्याकडे झुकलेले, आईचं आणि त्यांचं पटेनासं झालेलं, आणि आई आता या एकाच मुलाच्या आधारावर जगतेय. मुलापुढे दोन रस्ते. इंग्लंडला पळून जायचं आणि स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हायचं, किंवा आईजवळ राहायचं. आईजवळ राहिला तर त्याचा उपयोग नक्की आहे, पण एकाच माणसाला. गेला तर काम मोठं, पण वाटेत स्पेनमध्ये छावणीत अडकून पडेल, नाहीतर इंग्लंडला पोचून एखाद्या ऑफिसात फॉर्म भरत बसेल, काही खात्री नाही. धर्म सांगतो शेजाऱ्यावर प्रेम कर. शेजारी कोण, आई की सोबत लढणारे? तत्त्वज्ञ कांट सांगतो माणसाला साधन म्हणून वापरू नको. पण इकडे राहिला तर लढणारे साधन होतात, तिकडे गेला तर आई. एकही पुस्तक त्याच्या वतीने ठरवू शकत नाही.

सार्त्रने त्याला जे सांगितलं त्याचा सारांश असा, की तू मोकळा आहेस, निवड कर, म्हणजे तुझं उत्तर तूच शोधून काढ.

मुलुंडचा_मुकुंद
वाचनखूण साठवली. असेच धागे येऊ देत.

इन्व्हर्टेड_कॉमा
सर, तुमच्याबद्दल आदर आहे पण व्याख्यानापासून सुरुवात नको असं माझं मत. आधी कादंबरी. काम्यू या फ्रेंच लेखकाची 'द आउटसायडर' १९४२ ची आहे, छोटीशी, आणि भाषा इतकी साधी की डिक्शनरी लागत नाही. नायकाची आई वारली आहे आणि तो अंत्यसंस्काराला रडत नाही. पुढे त्याच्या हातून खून होतो आणि कोर्टात खुनापेक्षा जास्त चर्चा होते ती आईसाठी रडला का नाही याची. ही एक गोष्ट पोटात गेली की मग बाकीचं वाचायला जोर येतो. मला तरी तसाच आला होता, व्हीटीपासून वाचायला बसलो आणि ठाणं कधी मागे गेलं कळलं नाही.

नंतर त्याच वर्षीचं 'मिथ ऑफ सिसिफस'. ग्रीक पुराणकथेतल्या सिसिफसला शिक्षा अशी की दगड डोंगरावर ढकलत न्यायचा, वर पोचला की तो खाली येणार, पुन्हा ढकलायचा, कायमचं. काम्यूला रस आहे तो सिसिफस रिकाम्या हाताने डोंगर उतरत असतो त्या वेळात. तेव्हा त्याला आपली सगळी परिस्थिती माहीत असते आणि तरी तो पुन्हा दगडाकडे चाललेला असतो. हे निराशेचं पुस्तक आहे असं ज्याला वाटतं त्याने पहिलं पान पुन्हा वाचावं. जगणं सोडून द्यायचं का या प्रश्नापासून पुस्तक सुरू होतं आणि 'नाही' या उत्तरापर्यंत पायरी पायरीने जातं.

शिवाजीपार्क_कट्टा
काम्यू जरूर वाचा, फक्त एक लक्षात असू द्या, तो स्वतः अस्तित्ववादी आहे हे नाकारत असे. १९५१ ला त्याचं 'द रिबेल' आलं आणि १९५२ मध्ये सार्त्रशी जाहीर फाटलं, ते शेवटपर्यंत. १९६० च्या जानेवारीत तो कार अपघातात गेला. हायडेगरनेही हे लेबल नाकारलंय. आणि हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला होता हे नवीन वाचकाला आधीच सांगितलं पाहिजे, लपवायची गोष्ट नाही ती.

वसईची_वाट
मला एक भर घालायचीये. सगळेच नास्तिक होते असा समज होतो, तसं नाही. ज्याच्यापासून ही गोष्ट सुरू होते तो किर्केगार्द, कोपनहेगनचा, १८१३ ते १८५५, पक्का ख्रिस्ती माणूस. आणि ज्या गाब्रिएल मार्सेलकडे 'अस्तित्ववाद' या नावाचं श्रेय दिलं जातं तो कॅथलिक.

आम्ही लहानपणापासून चर्चमध्ये अब्राहमची गोष्ट ऐकत आलो. देव म्हणतो मुलाचा बळी दे, अब्राहम निघतो, शेवटच्या क्षणी देवदूत थांबवतो, सगळे खूश. किर्केगार्दचं १८४३ चं 'फिअर अँड ट्रेम्ब्लिंग' वाचल्यावर ती गोष्ट मला पहिल्यासारखी ऐकता आली नाही. तो म्हणतो तुम्ही शेवट माहीत असल्यासारखी ऐकता. अब्राहमला तो माहीत नव्हता. तीन दिवसांचा रस्ता, बरोबर मुलगा, लाकडं, सुरी, आणि बायकोला, नोकराला, मुलाला, कोणालाच काही समजावून सांगता येत नाही कारण सांगितलं तर वेडा ठरेल. सार्त्र नास्तिक असून त्या व्याख्यानात हाच अब्राहम घेतो आणि विचारतो की आवाज आला खरा, पण तो देवाचाच आहे हे शेवटी कोणी ठरवायचं? अब्राहमनेच ना? मी रोज प्रार्थना करते, तरी हा प्रश्न मला खरा वाटतो, आणि माझी श्रद्धा त्याने कमी झालेली नाही.

कल्याणस्लो
सगळ्यांचे खूप आभार. सरांनी सांगितलेलं व्याख्यान येता-जाता फोनवर वाचून काढलं. विद्यार्थ्याच्या गोष्टीपाशी मात्र मी अडले. पोरगा एवढ्या अडचणीत सापडलाय आणि त्याला सांगायचं काय तर 'निवड कर'? हा सल्ला झाला का? हे तर त्याला आधीच माहीत होतं. मला थोडा रागच आला खरं सांगायचं तर.

शिवाजीपार्क_कट्टा
राग येऊ दे, तिथेच वाचन सुरू होतं. पण त्याच पानांवर आणखी एक मुद्दा आहे जो घाईत सुटतो. सार्त्र म्हणतो की सल्ला कोणाकडे मागायचा हेसुद्धा आपण निवडतो. पाद्र्याकडे गेला असता तर पाद्रीही अनेक प्रकारचे होते, जर्मनांना सामील झालेले, विरोधात असलेले, वाट बघत बसलेले. ज्याच्याकडे जायचं ठरवलं त्याच्याकडून साधारण काय ऐकू येणार याचा अंदाज असतोच. म्हणजे सल्ला मागतानाच अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो आणि आपण तो दुसऱ्याच्या नावावर टाकतो. आपल्याकडे लग्न ठरवताना हेच चालतं बघा, ज्या मामाला स्थळ पसंत पडणार हे ठाऊक असतं त्यालाच विचारायला जातात.

स्वतःच्या निवडीपासून असं तोंड फिरवणं याला सार्त्र आत्मवंचना म्हणतो. तुमच्या जाड पुस्तकात त्याचं वेटरचं उदाहरण आहे, तेवढी पानं सुटी काढून वाचलीत तरी चालेल. कॅफेतला वेटर, चाल जरा जास्तच झपझप, वाकणं जरा जास्तच आदबीचं, ट्रे धरलेला हात बघत राहावं असा. तो वेटर असल्याचं नाटक वठवतोय, जणू सुरी जशी सुरी असते तसा तो वेटर आहे, आत दुसरं कोणी नाही. पण उद्या सकाळी पाच वाजता उठायचं की नोकरी गमवायची हे त्यालाच ठरवायचं असतं.

परळचा_पोरगा
इतका वेळ नुसतं वाचत होतो. सर, राग मानू नका, पण हे सगळं ऐकताना मला माझे वडील दिसतात.

वडील कापड गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा संप म्हणून आज वाचायला मिळतं, आमच्या घरात तो नुसता 'संप' होता. आणि तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, ज्याचा त्याच्या घरात हळूहळू संपला. आई आधीपासून खानावळ चालवायची, दोन्ही पाळ्यांची माणसं जेवायला, पितळी ताटं भिंतीला उभी लावलेली, नावांची वही खिळ्याला टांगलेली. पहिल्या दोन-तीन महिन्यांनी वहीत नुसती उधारी. मग माणसं गावाला गेली, कोण रत्नागिरीला, कोण साताऱ्याला, ताटं तशीच. वडील पुढे भाजीच्या गाडीवर उभे राहिले, नंतर एका बिल्डिंगला वॉचमन. वडिलांची गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे.

आता मला सांगा, त्या वेटरसारखं माझ्या बापाला पण 'तू निवडलंस' म्हणायचं का? वॉचमनची टोपी त्यांनी निवडली? पॅरिसच्या कॅफेत बसून बोलणं वेगळं. गरिबाला स्वतंत्र म्हणणं म्हणजे त्याच्या हालाची जबाबदारी त्याच्यावरच ढकलणं, असं मला वाटतं आणि ते मी ठामपणे म्हणतोय.

कल्याणस्लो
परळदादा, माझा जो प्रश्न मला नीट मांडता येत नव्हता तो तुम्ही मांडलात.

तळमजला
दादा, तुम्ही जे विचारलंत ते सार्त्रला त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने विचारलं होतं, १९४० मध्ये, पुस्तक छापून यायच्या आधी. सिमोन द बोव्हार, फ्रेंच लेखिका. तिच्या आत्मचरित्रात आहे हा प्रसंग. सार्त्रचं म्हणणं होतं की परिस्थिती कुठलीही असो माणूस तिच्या पलीकडे जाऊ शकतो. ती म्हणाली, सगळ्या परिस्थिती सारख्या कशा? जनानखान्यात कोंडलेली बाई कुठे जाणार पलीकडे? तो म्हणाला, ते आयुष्यसुद्धा वेगवेगळ्या तऱ्हेने जगता येतं. तिला ते पटलं नाही, आणि माझ्या मते पुढचं तिचं सगळं लिखाण या न पटण्यातून उभं राहिलंय.

१९४९ चं 'द सेकंड सेक्स' घ्या. बाई जन्मतः बाई नसते, तिला तसं घडवलं जातं, हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं, पण पुस्तकात ते घडवणं कसं होतं याची शेकडो पानं आहेत. लहान मुलीला झाडावर चढू न देणं, बाहुली हातात देणं, मग लग्न, मग घरकाम. घरकामाबद्दल ती जे लिहिते ते मी ओट्यापाशी उभी राहून वाचलंय. आज पुसलेली धूळ उद्या पुन्हा बसणार, आणि त्यातून तुमचं असं काही उभं राहत नाही. तिचा मुद्दा असा की कोंडलेल्या माणसाला 'तू स्वतंत्र आहेस' एवढंच सांगून चालत नाही, ज्या भिंतींनी कोंडलंय त्या पाडणं हेही स्वातंत्र्यातच येतं. माझ्या स्वातंत्र्याला दुसऱ्याचं स्वातंत्र्य लागतं. तुमच्या वडिलांचे पर्याय ज्यांनी काढून घेतले ते या हिशेबात सुटत नाहीत, उलट तेच आरोपी ठरतात.

आणि सार्त्रबद्दल एक सांगायलाच हवं. १९६९ च्या एका मुलाखतीत त्याने आपलंच जुनं वाक्य पुन्हा वाचल्याचं सांगितलं, परिस्थिती कशीही असो, गद्दार व्हायचं की नाही हे माणूस कायम निवडू शकतो अशा अर्थाचं, आणि आपण यावर खरंच विश्वास ठेवत होतो याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. मोठ्या माणसाने असं उघड म्हणणं मला फार मोलाचं वाटतं.

गीताप्रेमी
हे सगळं आपल्याकडे आधीच सांगितलंय की. अर्जुन म्हणजे तो विद्यार्थीच.

तळमजला
अर्जुनाची कोंडी तशीच आहे हे मान्य. अठराव्या अध्यायात ६३ व्या श्लोकात कृष्ण म्हणतोही की सगळा विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. पण तीनच श्लोक पुढे मला शरण ये असंही येतं, आणि त्याआधी स्वधर्म काय ते जन्मावरून ठरलेलं आहे. सार्त्रच्या पोराला स्वधर्म कोणी दिलेला नाही. दोन्ही वाचा, पण एकात दुसरं कोंबू नका असं मला वाटतं.

नायगावकर
जन्मावरून विषय निघालाच आहे तर बोलतो. तळमजला ताई परिस्थिती आणि पलीकडे जाणं याबद्दल लिहितायत, मला ते कळलं ते बाबासाहेबांमुळे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात ते म्हणाले की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. यात दोन भाग आहेत बघा. जे हातात नव्हतं ते नाकारलेलं नाही, जसंच्या तसं समोर ठेवलंय, आणि मग त्याचं पुढे काय करायचं ते ठरवलंय. आणि ठरवल्यावर लगेच झालं का? १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. मध्ये एकवीस वर्षं अभ्यास, इतर धर्मांशी तुलना, त्यांच्या 'राजगृह' या घरातली ती हजारो पुस्तकं. निवड म्हणजे एका झटक्यात मनात आलं आणि केलं असं मला तरी त्यानंतर कधी वाटलं नाही.

बाबासाहेबांना अस्तित्ववादी म्हणायचं नाहीये मला, त्यांचा रस्ता बुद्धाचा आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांना शिकवलेल्या ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञाचा. पण हे तत्त्वज्ञान वाचताना आपल्या इथलं कोणी डोळ्यासमोर पाहिजे, नाहीतर सगळं पॅरिसचं पॅरिसातच राहतं. याच कारणासाठी फ्रान्झ फॅनन वाचा, 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स', १९५२. मार्टिनिकचा काळा डॉक्टर, सार्त्र पचवून त्याच्याशी भांडणारा.

परळचा_पोरगा
ताई, पटलं बरंचसं. एक राहतं. संप एकट्याने कोणी निवडला नव्हता. गेटवर सभा व्हायची, वडील सांगायचे, आत जाताना प्रत्येक जण आपापल्या बायकापोरांचा विचार करत असायचा आणि सभा संपेपर्यंत तेच लोक दुसरेच झालेले असायचे. ही निवड कोणाची धरायची? एकेकट्या माणसाचं तत्त्वज्ञान याला पुरं पडतं का?

शिवाजीपार्क_कट्टा
पुरं पडत नाही असं सार्त्रलाही वाटायला लागलं आणि म्हणून त्याने १९६० मध्ये 'क्रिटिक ऑफ डायलेक्टिकल रीझन' लिहिलं. फार अवघड ग्रंथ आहे, वाचा असं म्हणणार नाही, पण त्यातली दोन चित्रं तुमच्यासाठी सांगतो.

पहिलं बसच्या रांगेचं. पॅरिसमध्ये सें-जेर्मेंच्या चर्चसमोर लोक बसची वाट बघतायत. वय वेगळं, धंदा वेगळा, कोणी कोणाकडे बघत नाही. बसमध्ये जागा कमी, म्हणून आधी आलेल्याला आधी नंबर, आणि त्या नंबरापुरता प्रत्येक जण दुसऱ्यासारखाच, एक जास्तीचा माणूस. सगळे एकत्र आहेत आणि सगळे एकटे आहेत. कुर्ला स्टेशनबाहेर संध्याकाळी बीकेसीच्या रांगेत उभं राहा, वेगळं काही दिसणार नाही. दुसरं चित्र १७८९ चं, फ्रेंच क्रांतीत बास्तीयचा तुरुंग पडण्याआधीचं. सैन्य येतंय ही बातमी आली आणि तीच वस्ती, तीच माणसं एकदम एक झाली, प्रत्येकाला शेजाऱ्यात आपण स्वतः दिसायला लागलो. तुमचे वडील गेटसभेबद्दल जे सांगायचे ते जवळजवळ हेच. आणि पुढे सार्त्र हेही बघतो की असा गट टिकवायला शपथा लागतात, मग पदाधिकारी येतात, मग धाक येतो, आणि शेवटी पुन्हा रांग. एखादा संप कसा विरतो हे समजायला ती पानं उपयोगी पडतील असं मला वाटतं, वडिलांनी काय चूक केली हे शोधायला नाही.

परळचा_पोरगा
हे मला माहीत नव्हतं. शपथेचं तर अगदी खरं आहे, भंडाऱ्यावर हात ठेवून शपथा घेतल्या होत्या लोकांनी. धन्यवाद सर.

इन्व्हर्टेड_कॉमा
मराठीत वाचायचं असेल तर विलास सारंग. मुंबईतलाच माणूस, कथा विलक्षण आहेत, काफ्का आणि काम्यू दोघांना पचवून लिहिलेल्या. 'कोसला'चं नाव या संदर्भात कायम निघतं, १९६३ ची आहे, पण ती अस्तित्ववादाची कादंबरी म्हणून वाचायला घेऊ नका, कादंबरी म्हणून वाचा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात सारंगांचे कथासंग्रह आहेत का विचारून बघा.

कल्याणस्लो
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझ्यापुरतं सांगते. हप्ता माझ्या हातात नाही, तो जाणारच. पण एमए 'ढकललं जातं' असं मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं ते पुन्हा वाचलं, तर ढकलणारी कोण हे त्यात कुठेच नाही. बाबांना अजून मी नीट विचारलेलंसुद्धा नाहीये. या वेळी दूरशिक्षणाचा फॉर्म निघाला की आधी घरी बसून हिशेब मांडणार आहे, भावालाही बसवणार आहे, कारण त्याचा क्लासचा खर्च त्यात येतो आणि त्याचं म्हणणंही ऐकायला हवं.

एक शेवटचं. तळमजला ताई, बोव्हारचं 'द सेकंड सेक्स' फार मोठं आहे, तिचं दुसरं काही छोटं आहे का आधी वाचायला?

तळमजला
'द एथिक्स ऑफ अँबिग्विटी', १९४७. तीन भाग आहेत. तू दुसऱ्यापासून सुरू कर, त्यात लहान मूल मोठं होताना काय होतं तिथून ती सुरुवात करते, मोठ्यांनी मांडून ठेवलेलं जग आधी दगडासारखं पक्कं वाटतं आणि मग वयात येताना त्याला पहिल्यांदा तडे दिसायला लागतात. तिथून पुढे माणसांचे नमुने येतात, एखादं ध्येय किंवा पद देवासारखं मानून त्यामागे लपणारा, सगळं फोल म्हणून हात झटकणारा, नुसत्या धाडसाच्या मागे लागलेला. पहिला भाग हेगेल वगैरेंशी वाद आहे, तो नंतर वाचलास तरी चालेल. माझी प्रत पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली आहे, चालणार असेल तर मेसेज कर, शनिवारी घाटकोपरला देते.